उंच सायकल

सायकलीच्या आधी आमच्या घरी दाजी आले, म्हणून त्यांच्यापासूनच सांगायला हवं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सखूआक्काचे यजमान. खानापूरकडचे. तिकडं भावाभावांत वाटण्या झाल्या, बोलणं हातघाईवर आलं, आणि एका दुपारी पत्र्याची ट्रंक बैलगाडीतून उतरवून ते आक्कासह आमच्या सुप्याच्या घराच्या ओसरीवर येऊन बसले. "थोडं दिस ऱ्हातो, आये. काम गावलं की हलतो," असं माझ्या आईला म्हणाले. आईनं गूळ आणि पाणी पुढं ठेवलं आणि आक्काचा हात धरून तिला आत नेलं. वडील जाऊन बराच काळ झाला होता. घरात आई आणि मी दोघंच. भात लावायचं, कापायचं, रानातून शिकेकाई आणि हिरडा गोळा करून व्यापाऱ्याला घालायचा, यातच वर्ष सरायचं. आम्ही दोघं न भांडता, पण न बोलताही राहत होतो. दाजी आले आणि घर बोलायला लागलं.

ते शीळ फार सुरेख घालायचे. नदीवरून अंघोळ करून येताना त्यांची शीळ आधी यायची आणि मग ते. आमच्या घराखालीच पांढरी नदी काळीला मिळायची, तिथं पाण्याचा असा आवाज असे की नव्या माणसाला झोप येऊ नये. पण त्या आवाजावरूनही दाजींची शीळ ऐकू यायची. सकाळी डोक्यावरून धनेश पाखरं उडत जायची, त्यांच्या पंखांचा सूं सूं आवाज कौलांवरून सरकत जायचा, आणि खाली उखळात आक्काचं मुसळ पडत असायचं. उकड्या तांदळाची पेज, निखाऱ्यात भाजलेले रानकंद, सोबत तांबड्या मुंग्यांची चटणी. ती चटणी पाहून दाजींनी पहिल्या दिवशी पान बाजूला सरकवलं होतं. महिन्याभरानं तेच मला झाडावरचं मुंग्यांचं घरटं दाखवून "तम्मा, ते बघ, ते उतरव की" म्हणायला लागले. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ; कानडी शेजारानं आमच्या बोलीत आलेला शब्द. आक्का मला तसं हाक मारायची, तिच्याकडून त्यांनी उचलला. मला तो त्यांच्या तोंडून जास्त गोड लागायचा, हे आता लिहायला हरकत नाही. मला भाऊ नव्हता.

ते घर आता धरणाच्या पाण्याखाली आहे. मी हे रामनगरात बसून लिहितोय, जिथं आम्हां सुपेकरांना आणून वसवलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काही लोक जुनं गाव कुठं होतं ते बघायला जातात. मी जात नाही.

गावात एका लाकडाच्या व्यापाऱ्याची वखार होती. रानातून ओंडके ओढून आणायचे, मोजून त्यांवर खुणा मारायच्या आणि गाड्यांनी रेल्वेकडं पाठवायचे, असं तिथलं काम. वखारीचा मॅनेजर धारवाडकडचा, कानडी माणूस, मराठी अडखळत पण प्रेमानं बोलायचा. मी सातवी पास झालेला गावातला एकटाच रिकामा पोरगा, तेव्हा त्यानं मला बोलावून सांगितलं की त्याला एक लिहिणारा माणूस हवाय. रोजचं काम बैठं. पण अधूनमधून, माल रेल्वेच्या वाघिणीत चढायचा असेल तेव्हा, कागद घेऊन लोंढ्याला नाहीतर कॅसलरॉकला जायचं आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं. आधीच्या कारकुनाकडं तट्टू होतं, ते जगलबेटच्या वाटेवर वाघानं नेलं, आणि त्यानंतर कारकूनही गेला. "घोडा बेड," मॅनेजर म्हणाला, म्हणजे घोडा नको. "वाघ सायकल खात नाही. तू स्वतःची सायकल घेऊन ये. दसरा झाल्यावर ये. जागा तुझी."

मी घरापर्यंत पळत आलो. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "सायकल? ती कुठं गावते?" आक्का चुलीपुढं होती, तिनं फुंकणी बाजूला ठेवून दाजींकडं पाहिलं. दाजी लग्नाआधी बेळगावच्या कॅम्पात एका सायकलवाल्याकडं कामाला होते, दुकानाची वहीही तेच लिहायचे. पलटणीतले गोरे शिपाई, मिशनातल्या बाया, मराठे सुभेदार, सगळ्यांच्या सायकली त्यांच्या हाताखालून गेलेल्या. ते उठून माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू काळजी करू नको, तम्मा. सायकल मी निवडतो. नवी घ्यायचीच न्हाई. बदलीवर जाणारे सायेब मागं टाकून जातात, त्यातली एक झकास बघू." दोन हंगामांच्या शिकेकाईचे पैसे आईनं डब्यातून काढून माझ्या धोतराच्या कनवटीला बांधले.

बेळगावच्या त्या दुकानापुढं सायकली भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि दाजींनी मला एकेकीपुढं नेऊन शाळा घेतल्यासारखं समजावलं. ती शिकवण खरी होती, हे मी आजही म्हणेन. एक होती शर्यतीची, खाली वाकलेल्या हँडलची, बारीक टायरांची, हातानं उचलली तर सुपासारखी हलकी. मला तीच आवडली. दाजी हसले. "ही घेऊन तू जगलबेटपर्यंत वाऱ्यासारखा जाशील, आणि तिथनं पुढं तुला पाटीत घालून आणावं लागंल. कंबर मोडती हिच्यावर. लांब जायचं तर माणसानं ताठ बसावं. हँडल छातीच्या उंचीला यावं. टायर जाड पायजे, आपल्या वाटंवर दगड न्हाईत व्हय? आणि सीटखाली स्प्रिंगा बघ, ह्या अशा दाबून." त्यांनी माझा पंजा धरून एका सीटवर दाबला. स्प्रिंग चुंई करून खाली गेली आणि हात वर उचलून आली. "रोज चालवायची असती तर कसलीबी चालली असती, सवय होती. कधीमधी लांबचा पल्ला मारणाऱ्याला सायकल आरामाची लागती, कारण त्याचं अंग तयार नसतं."

शेवटी दोन उरल्या. दोन्ही जाड टायरांच्या, स्प्रिंगच्या सीटच्या, मागं कॅरिअर असलेल्या. एक राखाडी रंगाची, जरा बुटकी. तिच्यावर बसलो तर माझे पाय सहज जमिनीला टेकले. दुसरी काळी, उंच फ्रेमची. तिच्यावर मला दाजींनी धरून बसवलं, आणि मधल्या दांडीवरून पाय पलीकडं टाकताना धोतर फाटलं. पायडल खाली गेलं की माझ्या बोटांची टोकं तेवढी लागायची. मी म्हणालो, "दाजी, राखाडी बरी वाटती."

"खुळा हायस," ते म्हणाले. "तू अजून वाढणार. आणि उंच फ्रेमीवर पाय मोकळं सुटतात, गुडघं दुखत न्हाईत. बुटकीवर लांब जाशील तर गुडघं हनुवटीला लागतील."

दुकानदार पान लावत होता. त्यानं विचारलं, "कुणाला पायजे सायकल?"

"आमालाच," दाजी म्हणाले.

माझी उंची तेव्हा जेवढी होती तेवढीच शेवटपर्यंत राहिली. पण त्या दिवशी मी त्यांच्यावर विश्वास ठेवला, आणि तोही मोठ्या आनंदानं ठेवला. आपल्यासाठी कुणीतरी इतका विचार करतंय, माझ्या गुडघ्यांची कुणाला काळजी आहे, याचंच अप्रूप. लोंढ्याला रेल्वेतून उतरल्यावर दाजींनी मला पुढं दांडीवर बसवलं आणि रानातून शीळ घालत घरापर्यंत आणलं. चढाला आम्ही उतरायचो, उताराला ते पाय पसरून ओरडायचे. एवढा सुखाचा प्रवास मी नंतर मोटारीतूनही केला नाही.

मग माझा सराव सुरू झाला. बैलांच्या गोठ्यापासून वखारीच्या वळणापर्यंत मी ती काळी सायकल चालवायचो. डावं पायडल खाली गेलं की मी डावीकडं कलायचो, उजवं गेलं की उजवीकडं. सीट आणखी खाली जात नव्हती. मांड्यांच्या आतली कातडी सोलली. कंबर अशी धरायची की सकाळी वाकून विहिरीचं पाणी काढता येईना. आई खोबरेल कोमट करून द्यायची आणि म्हणायची, "आरामाची म्हणून आणली न्हवं का रं?" मी म्हणायचो, "सवय व्हायला पायजे." दाजीही तेच म्हणायचे. आणि मग "बघू, जरा मऊ करून देतो" म्हणून सायकल घेऊन जायचे, ते तासाभरानं घामानं चमकत, हसत परत यायचे. त्यांच्याखाली ती सायकल आवाजसुद्धा करायची नाही. मला वाटायचं, कसब आहे. आपल्यात ते नाही.

आक्का सुरुवातीला माझी कलती स्वारी बघून पदर तोंडाला लावून हसायची. हळूहळू तिचं हसणं थांबलं. मी सायकल काढली की ती काहीतरी निमित्त काढून परसात जायची. तिला दिवस गेले होते, म्हणून तसं होत असेल, असं आई म्हणाली.

दसरा झाला. मॅनेजरनं निरोप पाठवला की उद्या दुपारपर्यंत ये. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धोतर धुतलेलं घातलं, चेनीला तेल घातलं. तेवढ्यात आक्का आली. "तम्मा, नदीपल्याडच्या मावशीकडनं आयेच्या गुडघ्याची मुळी आणायची ऱ्हायली. दुपारपासनं तू कामावर. मग कोण जाणार? आत्ता जाऊन ये, दुपारला लई वेळ हाय." मी गेलो. मावशीनं मुळी खणून द्यायला वेळ लावला, वर शिरवाळे खायला बसवलं. परत नाव पकडून आलो तर ओसरी रिकामी. आईला विचारलं. "जावई घेऊन गेलं की. ब्रेक बघतो म्हणालं."

मी चालत वखारीकडं गेलो. मनात काही नव्हतं. एवढंच की दाजी सायकल तिथंच घेऊन येतील, मला शोधत असतील. फाटकातून आत गेलो तर सायकल कचेरीच्या भिंतीला टेकलेली, आणि दाजी आतल्या बाकावर बसून ओंडक्यांवरच्या खुणांचे आकडे मॅनेजरला वाचून दाखवत होते. मला बघून त्यांचा आवाज मध्येच थांबला.

मॅनेजर उठून बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल कळवळा होता, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. "नारायणा, तुझ्या भावजींनी सांगितलं मला. तुझे पाय पुरत नाहीत. कंबर धरते. तूच त्यांना पाठवलंस, चांगलं केलंस. काम घरातच राहिलं ना?"

मी दाजींकडं पाहिलं. ते नखानं बाकाची कड खरवडत होते.

"मी न्हाई पाठवलं," मी म्हणालो. "सायकल माझी हाय. मला येती चालवायला."

वखारीतले चार-दोन लोक ओंडके सोडून बघायला लागले. मॅनेजर भला माणूस, त्यानं विचार करून म्हटलं, "बरं. मग दाखव. या अंगणात एक फेरी मार. मग बघू."

मी सायकल घेतली, दांडीवरून पाय टाकला आणि निघालो. अंगण सपाट नव्हतं, सालींचे ढीग आणि गाड्यांच्या चाकोऱ्या होत्या. मी नेहमीसारखा डावीकडं कललो, उजवीकडं कललो, आणि दूरच्या टोकाला वळताना उजव्या पायडलवरून माझी बोटं सटकली. पाय शोधत राहिला आणि सायकल मला घेऊन ओंडक्यांवर गेली. कोपर फुटलं. कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. मी पडल्या जागेवरून मान उचलून पाहिलं, तर दाजी धावत येऊन आधी सायकलीपाशी वाकले होते. त्यांनी ती सरळ केली, हँडल गुडघ्यांत धरून नीट केलं, आणि सीट चाचपली. त्या सीटवरचा त्यांचा हात बघून मला बेळगावचं दुकान आठवलं, राखाडी सायकल, पान लावणारा दुकानदार आणि "आमालाच." दसऱ्यानंतर काही बिघडलं म्हणून हे झालं नव्हतं. सायकल पहिल्यापासून त्यांच्या मापानंच निवडलेली होती, माझ्या शिकेकाईच्या पैशांत.

"तम्मा," ते हळू म्हणाले, "घरी बोलू."

"मला तम्मा म्हणायचं न्हाई," मी म्हणालो. इतक्या वर्षांत मी त्या जागी म्हणण्यासारखी कितीतरी वाक्यं तयार केली आहेत.

पुढं कितीतरी वर्षांनी नातवाला सायकल घ्यायला बेळगावला गेलो होतो. दुकानातल्या पोरानं त्याला भिंतीशी उभं करून आधी पायाचं माप घेतलं आणि म्हणाला, "फ्रेम मापाची असली की लांबच्या राईडला त्रास होत नाही, आजोबा." मी बाहेर जाऊन रस्त्याकडं तोंड करून उभा राहिलो. नातवाला वाटलं मला ऊन लागलं.

त्या दिवशी घरी बोलणं झालंच नाही. दाजी उशिरा आले, जेवले नाहीत. आईनं मला एवढंच विचारलं, "खरं व्हय, तुझं पाय पुरत न्हाईत?" मी "व्हय" म्हणालो. घरात पोटुशी लेक, आणि जावयाला काम लागलेलं; तिनं काय बोलावं? थोड्याच दिवसांत व्यापाऱ्यानं कॅसलरॉकला स्टेशनाजवळ माल ठेवायची जागा घेतली आणि दाजींना तिथं खोली दिली. ट्रंक पुन्हा बैलगाडीत चढली. दाजी सायकलवरून पुढं गेले. आक्का गाडीत बसताना माझ्या पाया पडायला वाकल्यासारखी झाली, मी मागं सरकलो. धाकट्याच्या पाया कुणी पडतं का? मला ते तेव्हा खटकलं, पण अर्थ लागला नाही. माझा सगळा राग दाजींच्या मागं त्या वाटेनं गेला होता. आक्काची मला कीवच यायची. असल्या माणसाशी तिची गाठ पडली, असं मी मनात म्हणायचो.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. आईनं सगळी तयारी केली, पण आक्का आली नाही. तिकडंच मुलगा झाल्याचा निरोप आला. आईचे गुडघे तेव्हा पार गेलेले, तिला चालवेना. तिनं डिंकाचे लाडू केले, स्वतःच्या जुन्या लुगड्याची दुपटी शिवली आणि बोचकं माझ्यापुढं ठेवलं. "तू जा. त्याच्याशी बोलू नको वाटलं तर. तुझ्या भणीला बघून ये." मी चालत निघालो, जगलबेटला ओळखीच्या घरी रात्र काढली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कॅसलरॉकला पोचलो. घाटातून वर येणारी गाडी धापा टाकत स्टेशनात उभी होती, सगळीकडं कोळशाचा वास.

दाजी लोंढ्याला गेले होते. आक्का बाजेवर बसली होती, वाळलेली, पण चेहऱ्यावर एक तकाकी होती जी आमच्या घरात मी कधी पाहिली नव्हती. तिनं बाळ माझ्या मांडीवर दिलं, शेजारणीला सांगून मला पेज वाढायला लावली, लोणच्याची बरणी पुढं सरकवली. मी पेज संपवली. मग न राहवून म्हणालो, "आक्का, तुझ्यावर माझा राग न्हाई. तू काय करणार हुतीस? त्यांनी तुलाबी फशिवलं."

तिनं बाळ माझ्याकडून परत घेतलं.

"त्यांनी न्हाई," ती म्हणाली. "मी सांगितलं त्यांना."

मला वाटलं ती नवऱ्याला वाचवतेय. तसं म्हणालोही.

"न्हाई रं. ते न्हाई म्हणत हुते. बेळगावला जायच्या आदल्या दिवशीबी न्हाई म्हणाले, पोरगं माझ्यावर जीव टाकतंय म्हणाले. मीच म्हटलं, उंच बघून घ्या. मुळी आणायला तुला मीच धाडलं." ती बोलत होती आणि एका हातानं बाळाच्या टाळूला तेल चोळत होती. "तुझ्या घरात ते कधी पोटभर जेवले न्हाईत, तम्मा. तुला दिसलं न्हाई. पाणवठ्यावर बायका मला इचारायच्या, दाल्ला काय करतो गं तुझा? शीळ घालतो व्हय? तुला घर हुतं, भात हुतं, आये हुती. तुला आज न्हाई तर उद्या काहीतरी गावलंच असतं. माझ्या पोराला बाप कामाचा पायजे हुता."

"मला सांगितलं असतंस तर?"

"तर तू दिली असतीस व्हय जागा?"

दिली असती, असं मला आज वाटतं. तेव्हा काय केलं असतं ते मला माहीत नाही, आणि तिनं ते माहीत व्हायची संधीच ठेवली नव्हती. तिनं माफी मागितली नाही. डोळ्यांत पाणी आणलं नाही. जे होतं ते सांगितलं आणि शेजारणीला म्हणाली, "त्याला अजून वाढ." इतके महिने मी एका माणसावर राग धरून बसलो होतो, तो राग मला एका दुपारी उचलून माझ्याच बहिणीच्या पायाशी ठेवावा लागला, आणि ती तर बाळंतीण, तिच्याशी भांडताही येईना. दाजींशी मी पुढं हळूहळू बोलायला लागलो, त्यांच्या पोरांच्या लग्नांत वाढायला उभा राहिलो. आक्काशी मात्र त्यानंतर माझं बोलणं कायम पाहुण्यासारखं राहिलं. ती गेली तेव्हा मी रडलो, पण ते रडणंही मला पुरतं जमलं नाही.

त्या संध्याकाळी ती राहायचा आग्रह करत होती. मी निघालो. रात्र स्टेशनावर काढली, दुसऱ्या दिवशी पुन्हा जगलबेटचा मुक्काम, मग पुन्हा ते रान, आणि तिसऱ्या दिवशी उन्हं चढेपर्यंत सुप्याच्या घरात. आई उंबऱ्यावर पाय पसरून बसली होती. तिनं आधी माझ्या हातातलं रिकामं बोचकं बघितलं, मग तोंड.

"कशी हाय?"

"बरी हाय. पोरगं गोरं हाय, तुझ्यावर गेलंय."

"आणि काय म्हणाली?"

एवढ्या वाटेत मी ह्या प्रश्नाचं उत्तर ठरवलं नव्हतं. आईला हे सांगितलं तर तिला लेक उरणार नाही, एवढंच माझ्या ध्यानात आलं.

"येते म्हणाली. बाळाला घेऊन. जरा अंगात ताकद आली की."

आई गुडघ्यांवर हात टेकून उठली. आत गेली, कोनाड्यावरची बाळंतिणीची जाड गोधडी ओढून काढली आणि ती उन्हात नेऊ लागली. तिला ती एकटीला पेलत नव्हती. मी पुढं झालो, दुसरं टोक धरलं, आणि आम्ही दोघांनी मिळून ती अंगणात झटकली.